अंडाशयाचा कॅन्सर आणि बाईच्या चुकांची यादी

ओव्हरीच्या कॅन्सरबद्दल आमच्याकडे आता उघडपणे बोललं जातं, ही चांगली गोष्ट आहे. आठ मार्चच्या मेळाव्यात, बचतगटाच्या बैठकीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या भाषणात, मोबाइलवर एकमेकींना पाठवल्या जाणाऱ्या संदेशांत हा विषय येतो. पण येतो तो ठरलेल्या भांडणाच्या रूपात. एक बाजू म्हणते, हल्लीच्या मुली उशिरा लग्न करतात, एका लेकरावर थांबतात, अंगावर पाजत नाहीत, मूल नको म्हणून गोळ्या खातात, म्हणून हे रोग आले. आमच्या आज्यांना कुठं होतं असलं काही? दुसरी बाजू चिडून उत्तर देते की हे सगळं पोरींना लवकर उजवून टाकण्याचं निमित्त आहे, कॅन्सर एक तर खानदानातून येतो नाहीतर नशिबातून, लग्नाचा आणि लेकरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. दोघीही चुकतात. माझं म्हणणं असं आहे: बाळंतपणं, दूध पाजणं, गोळ्या, वजन यांचा या कॅन्सरशी असलेला संबंध खरा आहे आणि तो नाकारू नये. पण त्यातून बाईनं कसं जगावं याचा नियम निघत नाही. आणि ग्रामीण विदर्भात या रोगानं होणारे मृत्यू कमी करायचे असतील, तर त्या यादीचा उपयोग फार थोडा आहे. बाईच्या पोटाच्या तक्रारीकडे वेळेवर लक्ष जाणं, हा खरा प्रश्न आहे.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. १९७१ साली महमूद फतल्ला या इजिप्तमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञानं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाच्या आवरणाला बारीक इजा होते, ती भरून येते, पुढच्या महिन्यात पुन्हा होते. वर्षानुवर्षं चालणाऱ्या या भरून येण्यात कधीतरी पेशींची वाढ बिघडते, अशी त्यांची मांडणी होती. तसं असेल तर गरोदरपणात, दूध पाजण्याच्या काळात आणि गर्भनिरोधक गोळी चालू असताना बीज बाहेर पडणं थांबत असल्यानं धोका घटायला हवा. पुढच्या पन्नास वर्षांत देशोदेशीच्या अभ्यासांत तेच दिसलं. पहिल्या बाळंतपणानं धोका बराच उतरतो, पुढच्या प्रत्येकानं आणखी थोडा. लेकरांना अंगावर पाजणाऱ्या बायकांत तो न पाजणाऱ्यांपेक्षा साधारण चतुर्थांशानं कमी आढळतो. नसबंदी झालेल्यांत सुमारे एक तृतीयांशानं कमी आढळतो, आणि इथं मात्र फतल्लांची मांडणी अपुरी पडते, कारण नसबंदीनं बीज बाहेर पडणं थांबत नाही. त्याचं उत्तर अलीकडे मिळू लागलंय: या कॅन्सरचा सर्वांत नेहमीचा आणि घातक प्रकार बहुतेक वेळा अंडाशयाशेजारच्या गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, आणि नसबंदीत हीच नलिका बांधली जाते. उलट बाजूला, वाढतं वय, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), पाळी गेल्यावर घेतलेली हार्मोन्सची औषधं आणि लठ्ठपणा यांनी धोका थोडाफार वाढतो. धूम्रपानानं या कॅन्सरचा एक विशिष्ट प्रकार वाढतो. हे सगळं पक्क्या अभ्यासातून आलेलं आहे आणि स्त्रीवादाच्या नावाखाली ते फेटाळणाऱ्यांनी स्वतःचीच बाजू लंगडी केली आहे.

पहिल्या बाजूकडे आणखीही एक मुद्दा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत अंडाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा कमी दिसत आलंय. खेड्यात निदानच कमी होतं, हे त्याचं एक कारण असेल. पण तेवढंच नसावं. लवकर आणि जास्त बाळंतपणं झालेल्या समाजात हा कॅन्सर खरोखरच कमी होतो. तेव्हा आज्यांचं उदाहरण देणारे अगदीच हवेत बोलत नाहीत. १७१३ साली इटलीत बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्यानं लिहून ठेवलं होतं की मठातल्या जोगिणींना स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा जास्त होतो. बाळंतपण आणि बाईचे कॅन्सर यांचं नातं तेव्हापासून माणसाला दिसतंय.

पण मग त्या यादीत गोळ्या कशा आल्या? याच अभ्यासांनी सांगितलेली सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे गर्भनिरोधक गोळीनं अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका घटतो. २००८ साली २१ देशांतले ४५ अभ्यास एकत्र करून, २३ हजारांहून जास्त रुग्ण स्त्रियांची माहिती तपासली गेली. दर पाच वर्षांच्या वापरामागे धोका सुमारे २० टक्क्यांनी घटत गेला, १५ वर्षांनी निम्म्यावर आला, आणि गोळी बंद केल्यावर ३० वर्षांनीही संरक्षण थोडंफार उरलं होतं. म्हणजे व्यासपीठावरून ज्या आरोपीला पहिल्या रांगेत उभं केलं जातं, ती या खटल्यात बचावाची साक्षीदार आहे. गोळीचे तोटे आहेत. दीर्घ वापरानं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा किंचित वाढतो, आणि रक्तदाब जास्त असलेल्या किंवा पायात रक्ताच्या गुठळ्या झालेल्या बाईला ती देऊ नये. आशाताईंच्या पिशवीतली माला-एन आणि पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची छाया या दोन्ही गोळ्याच, पण त्यांचं काम करण्याचं तत्त्व वेगळं. वरचे आकडे माला-एनसारख्या गोळ्यांचे आहेत. हे सगळं नीट समजावून सांगणं बाजूला राहतं आणि ‘गोळ्यांनी कॅन्सर होतो’ एवढंच वाक्य गावभर होतं. ज्या बाईला दोन लेकरांमध्ये अंतर हवं होतं ती ते ऐकून गोळी बंद करते आणि नको असलेलं तिसरं बाळंतपण तिच्या अशक्त अंगावर येतं.

याआधीही महाराष्ट्रात असं झालंय. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांच्यावर नीतीच्या नावानं तुटून पडलेले लोक आरोग्याचं नावही घेत होते. कर्व्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९५३ मध्ये ते गेले तेव्हा गोळी बाजारात यायची होती. कर्व्यांच्या केंद्राच्या तीस वर्षं आधी, १८९१ च्या संमतिवयाच्या वादातही हेच घडलं होतं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करावं की नाही यावर पुण्या-मुंबईत सभा उधळल्या गेल्या, शास्त्रार्थ झाले, मुलगी ऋतुमती कधी होते याचे दाखले दिले गेले. रखमाबाईंनी त्याच्याआधी काही वर्षं, १८८५ मध्ये, टोपणनावानं वर्तमानपत्रात आपली बाजू लिहिली होती, १८८७ मध्ये नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. त्या सगळ्या गदारोळात बाईच्या शरीराविषयी स्वतः बाईला काय कळतं, हे विचारणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके होते. आजच्या चर्चेतही तेच चाललंय, फक्त धर्मशास्त्राच्या जागी आरोग्यशास्त्राची भाषा आली आहे.

आता ‘धोका घटतो’ म्हणजे किती घटतो, ते पाहू. याच २००८ च्या अभ्यासाचा हिशेब असा की श्रीमंत देशांत दहा वर्षं गोळी घेतल्यानं पंचाहत्तरीच्या आत अंडाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभर बायकांत १.२ वरून ०.८ वर येतं. टक्केवारीत हे मोठं दिसतं. प्रत्यक्षात हजार बायकांमागे चौघींचा फरक आहे. बाळंतपणांचा परिणामही याच मापाचा. मग हजारांत चार-पाच जणींच्या फरकासाठी पोरीचं लग्न अठराच्या आत उरकावं, असं सुचवणाऱ्याला विचारायला हवं की दुसऱ्या पारड्यात काय काय आहे. कमी वयातलं पहिलं बाळंतपण आणि बाळंतपणांची जास्त संख्या यांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वाढतो. तो भारतात अंडाशयाच्या कॅन्सरपेक्षा अडीच पटीहून जास्त बायकांना होतो: २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार अंडाशयाचे नवे रुग्ण ४७ हजारांच्या आसपास, गर्भाशयमुखाचे सव्वा लाखाच्या वर. शिवाय रक्त कमी असलेल्या सतरा वर्षांच्या पोरीचं बाळंतपण, तिचं अडीच किलोच्या आतलं बाळ, तिची सुटलेली शाळा. एका कॅन्सरचा धोका थोडा कमी करायला दुसऱ्या मोठ्या कॅन्सरच्या आणि बाळंतपणाच्या धोक्यात पोरीला लोटणं, याला आरोग्याचा सल्ला म्हणायचं का? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशी-चोविशीच्या दर शंभरांतल्या जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा वर ढकलणारं एकही वाक्य आरोग्याच्या मंचावरून बोललं जाऊ नये.

जाडी आणि राहणीमानाचा मुद्दाही मी टाळत नाही. तालुक्याच्या गावात मधुमेह वाढलाय, वजनं वाढली आहेत, चालणं कमी झालंय, आणि वजन आटोक्यात ठेवण्याची कारणं पुष्कळ आहेत. पण अंडाशयाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर वजनाचा वाटा लहान आहे. उंचीचाही तसाच लहान वाटा अभ्यासांत दिसतो: उंच बायकांना धोका किंचित जास्त. उंचीवरून कुणी कुणाला बोल लावत नाही. वजनावरून, लग्नाच्या वयावरून, लेकरांच्या संख्येवरून लावतात, कारण तिथं बोल लावायची सवय आधीपासूनच आहे. खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, बोलाल तर तो सुटायलाच हवा. विदर्भातल्या बायाही तो खातात आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तेवढं कारण पुरे आहे. त्यासाठी अंडाशयाला मध्ये आणायची गरज नाही.

पण या चर्चेतली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. ज्या बायकांसमोर हे उपदेश होतात, त्यांनी ‘संरक्षक’ म्हणून सांगितलेलं जवळजवळ सगळं आधीच केलेलं असतं. लग्न विशीच्या आत, दोन-तीन बाळंतपणं पंचविशीपर्यंत, प्रत्येक लेकराला दीड-दोन वर्षं अंगावर पाजलेलं, आणि धाकटं पायावर उभं राहायच्या आत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या, बाळंतपणाच्या वयातल्या जवळजवळ निम्म्या बायकांची नसबंदी झालेली आहे; पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. यांना आणखी काय करायला सांगणार? आणि इतकं करूनही यांच्यातल्या ज्यांना हा कॅन्सर होतो, त्यांना आपण कुठं चुकलो याचा हिशेब का मांडायला लावायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या काकूंची गोष्ट मला जवळून ठाऊक आहे. लग्न सोळाव्या वर्षी, चार लेकरं, सगळी अंगावर वाढलेली, ऑपरेशन सव्विसाव्या वर्षी. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना परकराची नाडी पोटाखाली बांधावी लागू लागली. दिवाळीनंतर कापूस वेचायला जाताना कमरेला ओटी बांधली की पोटाला रग लागायची, म्हणून त्या ती सैल बांधत आणि ती सारखी घसरे. ‘दोन घास खाल्ले का पोट भरून येते माय,’ असं म्हणून अर्धी भाकर तशीच उरवायच्या. वारंवार लघवीला लागायचं. उघड्या वावरात आडोसा कुठला, म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. हात आणि चेहरा वाळत चालले होते आणि पोट वाढत होतं. घरचे म्हणाले गॅस आहे. औषधाच्या दुकानातून पुड्या आल्या, मग गावात येणाऱ्या डॉक्टरांकडून ॲसिडिटीच्या गोळ्या, मग लघवीच्या जळजळीचं औषध. दर वेळी थोडं बरं वाटायचं आणि वेचणीची रोजी बुडवायची नाही म्हणून पुढचं पाऊल लांबायचं. सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी भरलेलं होतं आणि रोग पोटभर पसरलेला होता. नातेवाइकांतल्या एका बाईनं तेव्हा विचारलं, ‘इतकी लेकरं होऊन हे कसं झालं?’ त्या प्रश्नात सांत्वन नव्हतं. काकूंच्या जगण्यात एखादी चूक सापडली असती तर विचारणारीला बरं वाटलं असतं.

पोट फुगलेलं राहणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, थोडं खाऊन पोट भरणं, लघवी घाईची किंवा वरचेवर होणं: ही चार लक्षणं या कॅन्सरच्या रुग्णांत वारंवार आढळतात. पैकी एखादं वर्षभराच्या आत नव्यानं सुरू झालेलं असेल आणि महिन्यातले बाराहून जास्त दिवस टिकत असेल, तर बाईची तपासणी करावी, असं २००७ पासून वैद्यकात सांगितलं जातंय. या रोगाला कुणी मुका म्हणतात. काकूंचा रोग मुका नव्हता. तो नाडीच्या गाठीतून, उरलेल्या भाकरीतून सहा-सात महिने सांगत होता.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो डॉक्टर मंडळीच घेतात. पोट फुगणाऱ्या हजारो बायकांत कॅन्सर एखादीलाच असतो, आणि लवकर शोधण्याचे प्रयत्न फसलेले आहेत. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त, पाळी गेलेल्या बायकांवर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की रक्ततपासणीच्या गटात रोग थोडा लवकर सापडला तरी मृत्यू घटले नाहीत. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच धडधाकट बायकांची ‘सीए-१२५’ ही रक्ततपासणी करून देणाऱ्या पॅकेजच्या जाहिराती बंद व्हायला हव्यात. त्या तपासणीत नुसत्या साध्या गाठीमुळे, एंडोमेट्रिओसिसमुळे, अगदी पाळीमुळेही आकडा वाढलेला दिसू शकतो. पैसे जातात, घाबरगुंडी होते, नको ती ऑपरेशनं होतात. पण तक्रार नसलेल्या बाईला शोधत जाणं वेगळं आणि तक्रार घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला परत पाठवणं वेगळं. ब्रिटनच्या प्रयोगातल्या बाईला रोग कळल्यापासून काही आठवड्यांत तयार शल्यचिकित्सक मिळत होता. आमच्या बाईचे सहा महिने गॅसच्या पुड्यांत जातात, त्यात तिचं रक्त आणि मांस झडतं, आणि ती ऑपरेशन झेपण्याच्या स्थितीत उरत नाही. या कॅन्सरमध्ये ऑपरेशनमध्ये दिसणारा सगळा रोग काढता येणं, हे आयुष्य वाढण्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. त्यासाठी बाई धट्टीकट्टी हवी आणि हात सरावलेले हवेत. साधी गाठ समजून जवळच्या दवाखान्यात ती फोडून काढली, तर अंडाशयापुरता असलेला रोगही पोटात पसरू शकतो. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं आहेत. पहिली सुरी तिथं लागावी, एवढं तरी तालुक्याच्या डॉक्टरला माहीत हवं.

बाईला विचारलं तर ती सांगते, हे विदर्भातच सिद्ध झालंय. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० बायकांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी त्रास होता, सरासरीनं प्रत्येकीला साडेतीनहून जास्त. आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायका लपवत होत्या असं म्हणणं सोपं होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, हे त्या अभ्यासानं जगाला दाखवलं. सरकारी आरोग्यव्यवस्थेला तोवर बाई दिसत होती ती फक्त गरोदर असताना किंवा नसबंदीच्या टेबलावर. आजही चाळिशी उलटली, ऑपरेशन झालं, लेकरांची लसीकरणं संपली की तिचं उपकेंद्राशी असलेलं नातं जवळजवळ संपतं. आणि अंडाशयाचा कॅन्सर येतो तो बहुतेक वेळा याच वयानंतर.

तिथून पुढे पोटाच्या तक्रारीवर तिला एकच उपाय सहज मिळतो: पिशवी काढणं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ते मराठवाड्यातलं, पण ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ ही धमकी आमच्याकडेही तेवढीच ओळखीची आहे. पिशवी काढली आणि अंडाशयं राहिली तर अंडाशयाच्या कॅन्सरची भीती संपत नाही. पस्तिशीत अंडाशयंही काढली तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकार लवकर गाठतो. भीतीचा इतका स्वस्त वापर होतो त्याचं एक कारण हेच, की आपण बायकांना धोक्यांची यादी दिली आणि धोका मोजायचा कसा ते सांगितलंच नाही. पिशवी खरोखर काढावी लागत असेल तेव्हा गर्भनलिकाही काढून अंडाशयं ठेवण्याचा पर्याय असतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून डॉक्टर तो बायकांना सुचवतात. आमच्या बाईनं ऑपरेशनच्या आधी तेवढा प्रश्न विचारावा, आणि डॉक्टरनं चिडू नये.

‘खानदानी रोग’ म्हणून हात झटकणाऱ्या दुसऱ्या बाजूलाही उत्तर द्यायला हवं. या कॅन्सरच्या पाच-सहा रुग्णांत साधारण एकीला बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतला दोष वारशानं आलेला असतो. त्यातल्या पहिल्या जनुकात दोष असेल तर जन्मभरात हा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या घरात जाते. वर मोजलेला बाळंतपणांचा फरक हजारात चार-पाचाचा होता, हे लक्षात घेतलं तर कुठं लक्ष द्यायचं ते कळतं. आणि यात नशिबावर सोडण्यासारखं काही नाही. दोष सापडला तर चाळिशीच्या आसपास, लेकरं झाल्यावर, अंडाशयं आणि नलिका काढून टाकता येतात आणि धोका फार मोठ्या प्रमाणात घटतो. अशा बाईसाठी ते ऑपरेशन योग्य आहे. तेच दोष नसलेल्या शेजारणीसाठी अन्याय ठरतं. पण त्यासाठी घरातल्या कॅन्सरचं बोलावं लागतं. आमच्याकडे आत्या ‘पोटाच्या आजारानं’ गेली एवढंच सांगतात, कारण पोरींची लग्नं अडतात. आईकडचंच तेवढं पाहायचं हाही गैरसमज आहे. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. आजी, मावशी, आत्या, चुलतबहीण यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता, हे एका कागदावर लिहून तालुक्याच्या डॉक्टरला दाखवणं, हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

ज्या फतल्लांच्या मांडणीवर ही सगळी यादी उभी आहे, त्यांनीच पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या कामात एका बाईची कहाणी सांगितली. तिला त्यांनी नाव दिलं नाही, अज्ञात ‘एक्स’ म्हटलं. ती बाळंतपणात रक्तस्रावानं गेली. फतल्ला एकेक पाऊल मागे जात राहिले: रुग्णालयात पुरेसं रक्त नव्हतं, गाडी वेळेवर मिळाली नव्हती, तिचं रक्त आधीच कमी होतं, आधीच्या रक्तस्रावाकडे कुणी पाहिलं नव्हतं, तिला ते मूल नकोच होतं आणि साधन मिळालं नव्हतं. बायका बऱ्या न होणाऱ्या रोगांनी मरत नाहीत, त्यांचा जीव वाचवण्याजोगा आहे हे समाजानं ठरवलेलं नसतं म्हणून मरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बाळंतपण अंडाशयाचं रक्षण का करतं हे मांडणाऱ्या माणसानं आपलं उरलेलं आयुष्य बाळंतपणात मरणाऱ्या बायकांसाठी वेचलं. त्यांची पहिली गोष्ट सांगताना दुसरी वगळणाऱ्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक आहे.

काकूंच्या बाबतीत मागे जाऊन पाहिलं तर काय दिसतं? औषधाच्या दुकानदारानं तिसऱ्यांदा पुड्या देताना विचारलं नाही. डॉक्टरांनी हात लावून पोट तपासलं नाही. आशाताईंच्या वहीत चाळिशीपुढच्या बाईच्या पोटासाठी रकाना नव्हता. तीस वर्षांपुढच्यांच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड हे तीन कॅन्सर येतात, आणि ते बरोबरही आहे, कारण त्यांना लवकर शोधता येतं. पण त्याच भेटीत लघवीचं आणि पोटाचं दोन मिनिटं विचारायला वेगळं यंत्र लागत नाही. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मोबदल्यासाठी त्यांना आंदोलनं करावी लागतात, हे मला मान्य आहे. ही विचारपूस करण्याचेही पैसे त्यांना मिळायला हवेत. चारपैकी एका प्रश्नाचं उत्तर ‘हो, महिन्यातले निम्मे दिवस’ असं आलं, तर पंधरा दिवसांच्या आत ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी व्हावी आणि संशय आला तर चिठ्ठी थेट नागपूर किंवा वर्ध्याची असावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन आणि केमो होतं, हा मोठा आधार आहे. पण निदान पक्कं होईपर्यंतचा खर्च, म्हणजे खासगी सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एसटीचं तिकीट, सोबत येणाऱ्या लेकाची बुडालेली रोजी, बहुतेक वेळा घरूनच जातो, आणि बाई थांबते ती इथंच. सोयाबीन विकेपर्यंत, कापसाचे पैसे येईपर्यंत, धाकटीच्या लग्नाचं देणं फिटेपर्यंत. संशयित रुग्णाचा निदानापर्यंतचा खर्च आणि प्रवास योजनेत घ्या, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यावी, जिल्हा परिषदेत विचारली जावी आणि आमदारांकडून लेखी उत्तर मागितलं जावं.